सुषमाची खुंटी

रतनबाईला खोटं खपत नाही, उशीर खपत नाही आणि वाकडी ठोकलेली खुंटी तर मुळीच खपत नाही. दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला, नदीच्या वाळूतच तिची काकडी-टरबुजाची वाडी आहे. दिवाळीनंतर पाणी उतरलं की ती वाळूत बाभळीची खुंटी ठोकते, विळ्यानं वितीवितीवर खुणा करते, कुंकू लावते. वाळू चढली की उतरली ते खुंटीवर कळतं, आणि वेलांची आळी कुठं करायची ते त्यावरून ठरतं. मेंढरं विकून घर शेतीला लागलं तेव्हापासूनची ही तिच्या आईची रीत. लेक सुषमा नदीच्या खालच्या अंगाला, पुढच्याच वळणावर दिली, तेव्हा भांड्यांबरोबर एक खुंटीही दिली होती.

त्या सुषमाचा दोन वर्षं पुन्हा पुन्हा तोच फोन.

"आई, खुंटी उघडी पडलीया. वाळू चाललीया माझी."

"तुला ठोकायलाच येत न्हाई! आता त्याला बी मीच यिऊ का?"

आणि खाडकन फोन बंद.

या दोन वर्षांत रतनबाईकडं मात्र वाळूचा सुकाळ होता. पुरात मळई, म्हणजे काठाची गाळवाळूची जमीन, वाहून जाऊ नये म्हणून मुलानं, सुरजनं, तारेच्या जाळीत दगड भरून काठापासून नदीत वीस पावलं बांध घातला होता. बांधाच्या वरच्या अंगाला वाळू साचत गेली, नऊ आळ्यांची वीस झाली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकानं बांध दाखवायची. "ही वाळू कुणाची म्हणायची गं?" असं नवऱ्यानं, म्हस्कूनं, एकदा विचारलं, तर दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

मग फेब्रुवारीत बचत गटाची सहल कोकणात गेली. बायका समुद्रात भिजत होत्या आणि रतनबाई वाळू न्याहाळत फिरत होती. तिथंही एक दगडी बांध पाण्यात घुसलेला. एका बाजूला वाळूच वाळू, दुसऱ्या बाजूला माड मुळं उघडी टाकून आडवे पडलेले. मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईला तिनं विचारलं, "हिकडची वाळू कुणी नेली?"

"नेली कुणी नाय. लाटा तिरक्या येतात, वाळू किनाऱ्यानं पुढं पुढं सरकत असते. पावसाळ्यात समुद्र ओढून नेतो, मागाहून परत आणतो. जाते तेवढी येते, म्हणून किनारा जागच्या जागी. आता बांधानं वाट अडवली. आमची जायची ती जातेच, यायची ती पलीकडं अडकून बसलीय."

परतीच्या गाडीत गाण्यांच्या भेंड्या रंगल्या होत्या. रतनबाई खिडकीला डोकं लावून स्वतःवर धुमसत होती. सारा जन्म वाळू मोजण्यात गेला आणि एवढं कळू नये!

घरी चहाही न घेता ती सुषमाकडं गेली. खुंटी सरळ होती, चांगली खोल ठोकलेली होती आणि ढोपराएवढी उघडी पडली होती. वाडी संपलीच होती. तुटता काठ गोठ्यापासून आठ पावलांवर आला होता.

"अगं, मग नीट सांगायचं न्हाईस व्हय मला?"

"सांगतच तर व्हते, आई."

दुसऱ्या दिवशी रतनबाई पक्कड घेऊन आपल्या बांधावर चढली.

"आये, आपली मळई जाईल!" सुरज ओरडला.

"जाऊ दे. आधी बी जायची, आधी बी यायची. बघत काय हुबा राहिलास? तार धर!"

म्हस्कूनं धोतर खोचलं आणि दगड काढायला लागला.

त्या पावसाळ्यात रतनबाईचा काठ नऊ पावलं आत आला. वीस आळ्यांची आठ झाली. तिनं नदीला, सुरजला आणि त्या कोकणातल्या बाईलाही यथेच्छ शिव्या घातल्या. दिवाळी झाली आणि सुषमाचा फोन आला.

"आई, खुंटी दिसंना झालीया. वाळूत बुडाली."

रतनबाईनं डोळ्यांना पदर लावला. म्हस्कू बघतोय म्हटल्यावर त्याच्यावर डाफरली आणि मग फोनमध्ये ओरडली, "मग दुसरी ठोक की! आन् सरळ ठोक!"