चपलेसकट विकलेला नंबर

मंडळी, कळवण्यास अत्यंत दुःख होते की आज माझी डावी चप्पल विकली गेली. उजवी माझ्यासोबत शोकाकुल आहे.

हिंगोलीत आज नवा फोन आला. रांगेत लागून तो घ्यायचा आणि घाई असलेल्याला चढ्या भावाने विकायचा, हा पुतण्या अमोलचा सध्याचा उद्योग. त्याने मलाही रांगेत लावलं. खताच्या रांगेत ठेवतात तशी एक चप्पल जागेवर ठेवून मी समोर चहाला गेलो. आलो तर तिथे सेनगावचे एक गृहस्थ उभे!

"अमोल, माझी चप्पल?"

"काका, तुमचा नंबर इकला. गिऱ्हाईक म्हणलं खूण बी पाहिजे, म्हणून चपलेसकट देला."

"अरे, शास्त्रात पादुकांची पूजा सांगितली आहे, विक्री नाही."

"भाव बी न्हाई ना सांगितला? म्हणूनच चांगला आला!"

मला गाडीवरून घरी सोडेपर्यंत तो हसत होता. पुष्कळ दिवसांनी.

चप्पल नवी घेईन. पण ज्या शिक्षक भरतीसाठी तो वर्षानुवर्षं अभ्यास करतोय, तिचं नाव त्याने हल्ली काढलेलं नाही. त्याने आशा सोडली का, हे विचारायची मला भीती वाटते.