कोळशाच्या कोठारातली आग

आसद्दर मियाँ आता तळ्यात मासे धरतो आणि समुद्राचं नाव काढलं की थुंकतो. आमच्या सिल्हेटकडे हे विचित्रच, कारण इथले निम्मे बाप्ये आगबोटींच्या भट्ट्यांपुढे भाजून निघालेले आहेत.

त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला, कुटीला, बोटीवर नेलं ते मुबश्शिर सारंगाने. म्हणजे त्यांच्या सख्ख्या मामाने. आईनेच दोघांचे हात भावाच्या हातात दिले होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम; तो आपल्या नात्यातलीच माणसं भट्टीवर भरतो आणि खाली मायबाप तोच असतो. गोऱ्या साहेबाशी बोलायचं तर सारंगाच्या तोंडून; थेट बोललं तर त्याची अब्रू गेली. भांडखोर आसद्दरनेही हा रिवाज कधी मोडला नाही.

भर समुद्रात कोठाराची लोखंडी भिंत तापू लागली. आतला कोळसा आपसूक धुमसत होता. आसद्दरने मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "साहेबाच्या कानावर घातलंय. तू फावडं मार." त्याने काही घातलं नव्हतं. आगीचं उघड झालं तर बोट बंदरात अडकते आणि सारंगाचं नाव खराब होतं, एवढंच त्याला कळत होतं. दुसऱ्या दिवशी कोठार फुटलं. कुटी आतच होता.

बंदरात चौकशी बसली. आसद्दरने रडत, ओरडत सगळं सांगितलं, मामाचं नावसुद्धा घेतलं. दुभाषा कोण, तर मामाच. तेवढ्या लांब कहाणीचं त्याने चार शब्दांत इंग्रजी केलं आणि साहेबांनी माना डोलावल्या. आसद्दरला वाटलं, समजलं त्यांना. बाहेर आल्यावर बोटीवरचा इंग्रजी कळणारा गोव्याचा आचारी हळूच म्हणाला, "तू म्हणालास म्हणे, भाऊ आत चोरून विडी ओढायचा."

तो परत धावला. दार बंद झालं होतं. कुटीने जन्मात विडीला हात लावला नव्हता.

आसद्दर घरी पोचला तेव्हा मामा आधीच येऊन गेला होता. आईच्या गळ्यात पडून रडला होता, विडीचंही सांगून गेला होता. आईने मुलाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मामा म्हणाला, ते तूच साहेबांना सांगितलंस. मेलेल्या भावावर आळ घेताना तुझी जीभ कशी झडली नाही रे?"

आसद्दरने सगळं सांगितलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "स्वतःच्या भावावर आळ घेतलास, आता माझ्या भावालाही सोडू नकोस."