डोक्यामागे डोळे असलेलं जनावर

कुंड्या रंगवायला नातीनं गेरू कालवला आणि त्या ओल्या वासानं मी दुबलगुंडी गावातल्या आमच्या अंगणात पोचले. तेव्हा निजामाचं राज्य होतं. सासरहून आलेली माझी थोरली बहीण अक्का भिंतीवर एका जनावराचं डोकं काढत होती. असलं जनावर जगात नव्हतंच. कान शिंगांच्या टोकाला, नाक कपाळावर आणि डोळे पार मागे, मानेच्या वर.

“डोळे मागं कामून गं अक्का?” मी हसत विचारलं.

“मागून कोण यायलंय ते दिसावं म्हणून.”

तिनं पदर सरकवला. डोक्याच्या मागे, केसांत बोटभर लांब, न भरलेली जखम होती. मी वडिलांना, अप्पांना, हाताला धरून आणलं. त्यांनी वाकून ती जखम पाहिली.

“आता तिकडं जायचं न्हाई,” एवढंच म्हणाले.

अक्का पुन्हा सासरी गेली नाही. पण मी विचारलंच नसतं तर तिनं कुणाला सांगितलं असतं का, हे मला अजून कळत नाही.