जळकं ऑइल लावलेलं टेबल

आमच्याकडे कुठल्याही गोष्टीवर शेवटी एकच उत्तर येतं, 'चालतंय की.' वायर उघडी पडली आहे, चालतंय की. शिडीची पायरी मोडली आहे, चालतंय की. हे ऐकलं की हल्ली माझ्या डोक्यात तिडीक जाते. बायको म्हणते, तुम्ही फार चिडके झालात. झालोय. कारण या वर्षी हेच उत्तर मी दिलं, आणि त्याची किंमत माझ्या मेव्हण्याने मोजली.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. माहेर विट्याकडचं. तो बरीच वर्षं आखाती देशात हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबला आणि कायमचा परत आला. येताना पुण्यातून एक शेगडी घेऊन आला. शेगडी म्हणायचं म्हणून म्हणायचं. दिसायला तो रांजण होता. जाड चिनी मातीचा, वर तितकंच जाड झाकण, खाली हवा यायला एक झडप आणि झाकणाच्या डोक्यावर दुसरी. आत कोळसा पेटवायचा, झाकण लावायचं आणि दोन झडपांनी आच कमीजास्त करायची. टेम्पोतून उतरवताना आम्ही दोघेही घामाघूम झालो.

फलटण रस्त्याला त्याला हॉटेल टाकायचं होतं. त्या रस्त्याला उसाच्या गाड्या दिवसरात्र चालू असतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांची कडेची जागा त्याने हेरली होती, भाड्याने मिळण्यासारखी. म्हातारा खवय्या होता. "एकदा करून घाल, मग बघू," एवढंच म्हणाला होता. रविवारी आमच्या घरी त्याला जेवायला बोलवायचं ठरलं. त्या जेवणावर मेव्हण्याचं सगळं अवलंबून होतं.

शेगडी बसवायला टेबल हवं होतं. मी म्हणालो, मी करतो. मी साखर कारखान्यात फिटर आहे. एका रेषेत, फट न ठेवता बसवणं याचा मला आयुष्यभर अभिमान. घरी आंब्याच्या जाड फळ्या पडून होत्या. आंब्याला वाळवी लवकर लागते, म्हणून आम्ही सगळे करतो तेच मी केलं होतं: गॅरेजमधून जळकं ऑइल, म्हणजे इंजिनातून काढलेलं काळं तेल आणून फळ्यांना दोन हात मारले होते. गोठ्याच्या खांबांना, कुंपणाच्या मेढींना, घराच्या चौकटींना, आमच्याकडे सगळीकडे हेच लावतात. त्याला पैसा पडत नाही आणि वाळवी फिरकत नाही.

मेव्हण्याने मला नीट समजावलं होतं. हे मी मुद्दाम लिहितोय. "दाजी, भोक अंगापेक्षा मोठं पाडा. चारी बाजूंनी तीन बोटं जागा मोकळी पायजे. वजन भोकाच्या कडेवर येता कामा न्हाई. खाली शहाबादी फरशी टाका, फरशीवर इटा, इटांवर शेगडी. म्हंजी बुडातनं वारं खेळतंय. आन् खालची झडप उघडायला म्होरनं जागा ठेवा."

मी मान हलवली. बॉयलरच्या पाइपाला तापून वाढायला जागा सोडायची असते हे मी नव्या पोरांना शिकवतो. तरी मी भोक असं कापलं की शेगडी त्यात अंगठीतल्या खड्यासारखी बसली. खाली फरशीऐवजी पत्रा ठोकला. पत्रा जळत नाही, झालं. मेव्हणा बघायला आला तेव्हा त्याने कडेवरून बोट फिरवलं.

"दाजी, जागा न्हाई सोडली?"

"चालतंय की. ढिलं बसलं तर हलंल."

"आन् खाली फरशी?"

"पत्रा हाय न्हवं? मी बॉयलरवर काम करतोय गड्या, मला इस्तवाचं नको शिकवू."

त्याने तेलकट बोट पँटला पुसलं. बहिणीच्या नवऱ्यापुढे आमच्याकडे कोण जास्त बोलत नाही. आणि तेवढ्यात शेजारचे चौघे जमले, टेबल थोपटून म्हणाले, लय भारी झालंय, पुण्यात असलं मिळायचं न्हाई. मी सुखावलो.

शनिवारी संध्याकाळी बायको देवीच्या दर्शनाला डोंगरावर गेली होती. मी एकटाच होतो. म्हटलं, थोडा कोळसा घालून बघू. कोळसा लाल झाला, झाकण लावलं, थोड्या वेळाने वाकून पत्र्याखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. फळी पोळत होती. भोकाच्या कडेला लाकडाला घाम फुटल्यासारखं काळं तेल पाझरत होतं. वासही सुटला होता, ट्रक तापल्यावर येतो तसा.

मला तिथेच कळलं. कळलं नाही असं मी कुणालाही म्हणणार नाही. शेगडी निवल्यावर उतरवायची, करवतीने भोक मोठं करायचं, गोठ्यामागे पडलेली फरशी आणायची, फळ्या बदलायच्या. एका सकाळचं काम होतं. पण टेबल कापायचं म्हणजे शेजारच्यांपुढे कापायचं, आणि मेव्हण्याला सांगायचं की तुझंच बरोबर होतं. मी चिंधी घेतली, तेल पुसलं, चिंधी चुलीत टाकली. एक दिवस तर निघेल, असं मनात म्हणालो. त्या माणसाचा, म्हणजे माझाच, मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

रविवारी म्हातारा आला. पांढरा फेटा, काठी, बोलणं मिस्कील. मेव्हण्याने मसाला लावलेल्या दोन अख्ख्या कोंबड्या आत ठेवल्या. बायकोने आत भाकरी आणि रस्सा करायला घेतला होता. म्हातारा पडवीत खुर्ची ओढून शेगडीजवळ बसला, झडपा कशा चालतात ते विचारत होता, मेव्हणा उत्साहाने सांगत होता. मी मात्र सारखा खाली बघत होतो.

आधी वास आला. मग पत्र्याच्या कडेने धुराची बारीक रेघ.

म्हातारा हसला. "पाव्हणं, आज कोंबडी भाजायची हाय का टेबल?"

"आबा, लाकूड नवं हाय, तापतंय," मी म्हणालो.

मेव्हणा वाकला. त्याचा चेहरा बदलला. "दाजी, बुडातनं पेटलंय!"

मी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली. त्याने माझा हात धरला. "शेगडीवर पाणी नको, तडकंल! खाली मारा, फळीवर मारा!" बोलता बोलता त्याने दोन्ही झडपा बंद केल्या. मी आडवा होऊन पत्र्याखाली पाणी मारत राहिलो. काळं तेल, वाफ, राख, सगळं तोंडावर आलं. बायको धावत बाहेर आली. "आवं, सिलेंडर हाय हितं भिंतीला!" तिने तो ओढून अंगणात नेला.

विझलं. फार काही जळलं नाही. फळीला ताटाएवढा काळा डाग आणि मधे दोन बोटं आरपार गेलेलं भोक, एवढंच. पण त्यानंतर मी जे बोललो ते एवढ्यावर भागणारं नव्हतं.

म्हातारा उभा राहिला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी मेव्हण्यावर ओरडलो, "एवढा कोळसा कशाला भरलास रं? तिकडं हॉटेलात हेच शिकलास? अक्कल न्हाई?"

तो मान खाली घालून म्हणाला, "माझंच चुकलं आसंल, दाजी."

म्हाताऱ्याने बायकोच्या हातचा रस्सा आणि भाकरी खाल्ली, कारण जेवायला बोलावलेल्या घरातून उपाशी उठायचं नसतं. निघताना मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गड्या, मसाल्याच्या वासावरनं कळतंय, हात चांगला हाय तुजा. पर माझ्या जागंशेजारी उसाचं पाचट पडलेलं आसतंय. घरच्या पडवीत ही तऱ्हा, तर तिथं काय करशील? माफ कर."

मेव्हणा तसाच विट्याला निघून गेला. बायको मला म्हणाली, "झालं ते झालं. तुमी तरी काय करणार?" शेजारी म्हणाले, "जळकं ऑइल समदीच लावत्यात, चालतंय की." मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. खरंच गेलो. लोकांनी मला आवरलं. एकानेही मला शिवी घातली नाही, आणि ते मला सहन होत नव्हतं. मग रात्रभर टेबलाच्या नावाने बडबडत बसण्यापेक्षा जे करायचं ते करू, असं ठरवून मी सोमवारी कारखान्याला दांडी मारली आणि म्हाताऱ्याच्या घरी गेलो.

"आबा, पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं होतं. टेबल मी केलं, तेल मी लावलं, आणि ते तापतंय हे मला आदल्या दिवशी समजलं होतं."

म्हातारा तंबाखू मळत होता, थांबला. "म्हंजी तुमाला ठावं हुतं?"

"होय."

"आन् माझ्यापुढं त्येलाच बोल लावला?"

मी हात जोडले.

"आग आपण लावायची आन् नाव पोराचं घ्यायचं," तो शांतपणे म्हणाला. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "पोराला लावून द्या माझ्याकडं. आन् तुमी त्या कामाला पुन्हा यिऊ नका."

तिथून मी थेट विट्याची एसटी धरली. मेव्हण्याला दारातच सगळं सांगितलं, शनिवारच्या चिंधीसकट. जागा मिळतेय हेही सांगितलं. मला वाटलं, तो खूश होईल. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"टेबल जळलं त्याचं मला काय न्हाई, दाजी," तो म्हणाला. "लाकूड हाय, जळतंय. पर तुमाला ठावं आसून तुमी माझ्यावर वरडलासा. आन् मी तुमची चूक माझ्या डोक्यावर घेतली, तरी तुमी गप्प बसलासा. आबांनी जागंला न्हाई म्हटलं नसतं, तर आज बी गप्पच बसला आसता न्हवं?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. होय, बसलो असतो.

दिवाळीनंतर त्याने हॉटेल सुरू केलं. उद्घाटनाला बायकोला बोलावणं आलं, तिच्याबरोबर मी गेलो. टेबल त्याने स्वतः केलं होतं. खाली विटांचा चौथरा, त्यावर शहाबादी फरशी, मग विटा, मग शेगडी. भोवती मोकळी जागा सोडलेली. लाकडाला तेलाचा थेंब नाही. मी नकळत पुढे झालो आणि त्या जागेत बोटं घालून बघायला गेलो.

"दाजी, हात लावू नका," तो मागून म्हणाला. "पाव्हणं म्हणून आलायसा, बसा. जेवून जावा."

मी बसलो. आजूबाजूला ड्रायव्हर लोक कोंबडीवर ताव मारत होते. मला राग आला, त्याचा नाही, त्या टेबलाचाही नाही. त्याने बहिणीच्या ताटात स्वतः वाढलं. माझ्या ताटात वाढायला त्याने वेटरला पाठवलं.