वहिनींच्या वहाणा, ओमचे बूट

आमच्या देवासच्या भजनी मंडळात भजनं पाठ होण्याआधी उंबऱ्यावरच्या चपलांचे किस्से पाठ होतात. या वर्षीचे सगळे कुसुमवहिनींचे, आणि त्यांच्या तर चपलाच नव्हत्या.

चैत्राच्या नवरात्रात त्या टेकडीवरच्या देवीला नवस बोलल्या, "ओम चालेपर्यंत वहाणा घालणार नाही." ओम म्हणजे नातू. दीड वर्षाचा झाला तरी हात सोडला की बसकण मारायचा. त्याच्यासाठी मात्र वहिनींनी जाड तळव्यांचे, दिवे लागणारे बूट आणले. आजी अनवाणी, नातू बुटात. आम्हा कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

*

उन्हाळ्यात वहिनींची टाच ठणकू लागली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "माताजी, घर में भी नरम चप्पल पहनो."

बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "ह्यांना काय सांगू? नवस मराठीत बोलले आहे."

*

मी सोळा सोमवारवाली, व्रताचे नियम मलाच विचारतात. मी वाट काढली, "तुम्ही वहाणा म्हणालात ना? मग बूट चालतील."

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "देवीला मराठी आपल्यापेक्षा बरं येतं, सुमन."

तरी त्यांनी स्पोर्ट्स शूज घेतले आणि देवघराशेजारी ठेवून दिले. ओम चालला की घालायचे. रोज दिवा लावताना आधी देवाकडे बघायच्या, मग बुटांकडे.

*

शेवटी ओमला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय तपासले, मग त्याचा बूट हातात घेऊन वाकवून पाहिला. वाकेना.

"बच्चा ठीक है. जूते उतारिए इसके. तलवे को ज़मीन लगेगी, तभी बैलेंस आएगा." मग त्यांची नजर वहिनींच्या अनवाणी पायांकडे गेली. "और आप पहनिए."

परतताना रिक्षात वहिनींनी ओमचे बूट पिशवीत टाकले. मग म्हणाल्या, "अनवाणी त्यानं राहायचं होतं होय!"

*

पुढच्याच महिन्यात ओम मंडळाच्या सतरंजीवर, भर आरतीत, टाळांच्या दिशेने चालत गेला. आरती मधेच थांबली.

नवस फेडायला आम्ही सगळ्या टेकडीवर निघालो. वहिनींच्या पायांत नवे शूज. इतके महिने उघड्या पायांनी वावरलेल्या वहिनींना त्या मऊ तळव्यांवर तोलच सापडेना. पायरीपायरीवर डुलत होत्या. पुढे ओम, अनवाणी, त्यांचं बोट घट्ट धरून.

नारळवाला बघत राहिला. "माताजी, चलना कौन सीख रहा है?"

"ऊपर पूछ के बताती हूँ, भिया," वहिनी म्हणाल्या.