पाठ टेकल्यावर

मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे नियम ज्याने कोणी केले, त्याने आयुष्यात कोणाला धड एक लाथ मारलेली नसावी, असं माझं पक्कं मत आहे. मारणाऱ्याला सगळीकडे मनाई. पडलेल्याच्या डोक्यात लाथ नको, गुडघा नको, मानेमागे नको. आणि धरणाऱ्याला? धर, दाब, जाळीला चिकटवून ठेव, छातीवर पडून राहा. पडून राहण्याचेही गुण मिळतात. आमच्या आर्णीत म्हशी दिवसभर तेच करतात, त्यांना कोणी पदक देत नाही.

मी मारणारा. दिवसा गॅरेजमध्ये मोटारसायकली उघडायच्या आणि संध्याकाळी मागच्या शेडमध्ये टांगलेल्या पोत्याला लाथा हाणायच्या. माझा मावसभाऊ धरणारा. तो घाटंजीच्या आखाड्यात वाढलेला, कान फुटून भजी झालेले, आसपासच्या जत्रांतल्या कुस्तीच्या दंगली मारलेला. आमच्या दोघांत या नियमांवरून फोनवर कायम भांडण व्हायचं.

“नियमाले कायले रडतं बे?” तो म्हणायचा. “पाठ टेकवली का मानूस संपला.”

“तुमच्या दंगलीत संपते. पिंजऱ्यात नाही संपत.”

“मालूम हाय मले,” तो म्हणायचा. त्याच्या डोक्याला मालूम होतं, हे खरं. अंगाला नव्हतं.

यवतमाळला एका मंगल कार्यालयात स्पर्धा ठेवली होती. नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात त्या स्टेजवर जाळीचा पिंजरा बसवला होता. आमच्या वजनात जो जिंकेल, त्याला नागपूरच्या एका जिममध्ये वर्षभर राहून-खाऊन शिकायची जागा मिळणार होती. जागा एकच. मला ती हवी होती, कारण ऑईलने काळे झालेले हात घेऊन म्हातारं व्हायची मला किळस यायची. त्यालाही हवी होती. त्याच्या आखाड्यात आता चार टाळकीसुद्धा जमत नव्हती. अंतिम फेरीत आम्हीच समोरासमोर आलो.

पहिल्या दोन फेऱ्या मी जवळजवळ जाळीच्या कडेला खालीच काढल्या. मी लाथ उचलली की तो पाय धरायचा, पाडायचा आणि अंगावर ठाण मांडायचा. मी प्रत्येक वेळी कुशीवर वळायचो, त्याला सरळ पाठ काही मिळू दिली नाही. पण गुण त्याचेच होते. त्याच्या दाढीचे खुंट माझ्या मानेवर घासत होते, आणि मला त्याचा असा राग येत होता की तो माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे हे मी विसरलो. विसरलो म्हणजे, आठवलं तरी फरक पडत नव्हता.

तिसऱ्या फेरीत त्याने मला धोबीपछाड मारली. स्वच्छ. माझे दोन्ही खांदे एकदमच मॅटवर आपटले. घाटंजीहून त्याची माणसं डफडं घेऊन आली होती. त्यांनी ‘चीत! चीत!’ असा एकच गिल्ला केला आणि दंगल जिंकल्यावर वाजवतात तो ठेका धरला.

आणि तो उठला.

पंच ओरडत होता, लढत चालू आहे म्हणून. पण डफडं वाजत होतं, आणि या माणसाचं अंग लहानपणापासून ज्या हुकमावर चालत आलं तोच हुकूम त्याला मिळाला होता. पाठ टेकली, कुस्ती संपली. त्याने मला सोडलं, दोन पावलं बाजूला गेला आणि कमरेतून वाकून उजवा हात मॅटला लावला. आखाड्यात माती कपाळाला लावायला वाकतात, तसा. माती नव्हती, निळं रेक्झिन होतं.

मी तोवर उभा राहिलो होतो. त्या स्पर्धेचा नियम असा की हात जमिनीला टेकलेला असेल तर तो माणूस पडलेला धरायचा, त्याच्या डोक्यात लाथ मारता येत नाही. म्हणून मी थांबलो. हात मॅटवर होता तोवर थांबलो. तो हात कपाळाला लागला, आणि मी लाथ घातली. जबडा मोडल्याचा आवाज डफड्यातूनही मला ऐकू आला.

पंचांनी मोबाईलवरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. हात वर होता. लाथ नियमात होती. नागपूरची जागा मला मिळाली. तिथे आता मला सकाळ-संध्याकाळ कुस्तीच शिकवतात. तिथले गुरुजी म्हणतात, नियम पाहता धरणाराच टिकतो. मी वाद घालत नाही.

पण नागपूरला जाण्याआधी मी घाटंजीला गेलो. मावशीने दार उघडलं, पाणी दिलं. भाऊ खाटेवर बसला होता, वरचे-खालचे दात तारेने बांधलेले, हातात वरणाच्या पाण्याचा पेला आणि त्यात नळी. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“नियमात होतं?” मावशीने विचारलं.

“हो मावशी.”

“त्याचा हात कपाळाले होता म्हनतेत.”

“हो.”

“मंग नियमातच हाय. बस, जेव.”

तिने मटण केलं होतं. जिंकून आलेल्या भाच्यासाठी. ताट नेमकं खाटेसमोर मांडलं, ज्वारीची भाकर, वर रस्सा, आणि समोर स्वतः पदर खोचून बसली. “हाडं चांगली चावून खाय,” ती म्हणाली, “लाजू नको.” भाऊ बघत होता. मला भूक लागली होती आणि रस्सा झणझणीत होता, हेही सांगितलं पाहिजे. मी नळीचं हाड फोडलं, आतला गर ओढला. तिने पुन्हा वाढलं, मी पुन्हा खाल्लं. त्या बाईचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते तिखटावर ढकललं.

“पोट भरलं?”

“भरलं.”

“मंग आता या घरात येऊ नको बापा,” ती म्हणाली, आणि माझ्या हातावर पाणी घातलं.