शाल नको म्हटलं होतं

मांजराची गोष्ट माझी, चित्रं शेजारच्या मुलीची. ती एकोणीस वर्षांची आहे, स्वमग्न आहे, आणि कुणी अंगाला हात लावलेला तिला सोसत नाही. म्हणून पुस्तकाच्या प्रकाशनाआधीच मी संयोजकांना बजावलं होतं, "तिला शाल घालू नका. फूल हातात द्या, बास." ते म्हणाले, "शालीबिगर सत्कार व्हतो व्हय?" मला वाटलं, चेष्टा करतायत.

गोष्टीतलं मांजर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं त्या कट्ट्यावर राहतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण त्याला उचलायला बघतो. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात पुस्तक उघडून सगळ्यांना दाखवलं. "मांजर झकास हाय. पण माणसांची तोंडं काढायची ऱ्हायली की! नुसतं हातच!" लोक हसले. माझं डोकं सणकलं. ती पहिल्याच रांगेत बसून ऐकत होती, पण तिला काय कळतंय, असाच सगळ्यांचा समज.

मग तिला वर बोलावलं आणि पाहुण्यांनी मागून शाल टाकलीच. ती किंचाळली, शाल भिरकावून व्यासपीठावरच्या टेबलाखाली शिरली. पाहुणे माईकवर म्हणाले, "लाजली पोरगी." लाजली म्हणे!

मी टेबलाखाली तिच्याशेजारी जाऊन बसले. टेबलावरच्या कापडाखालून चार-पाच हात आत आले होते. "ये बाळा, ये." तोंड एकाचंही दिसत नव्हतं.